प्रकाशात उभी राहणारी

ही ऐकीव गोष्ट नाही. कुणाच्या चुलत भावाच्या मित्राने सांगितलेली नाही. माझ्याबरोबर घडली आहे, आणि खरं सांगायचं तर अजून संपलेली नाही.

रात्रीचीही नाही. ज्यांना वाटतं की असलं काही रात्रीच घडतं, त्यांनी एकदा भर दुपारी रिकाम्या नाट्यगृहात जाऊन बसावं. बाहेर रणरणतं ऊन असतं. आत शिरलं की मागे दोन जाड दारं लागतात आणि स्वतःचा हात दिसत नाही.

मी नाटकांची प्रकाशयोजना करते. म्हणजे कुठला दिवा कुठे टांगायचा, कुणाच्या तोंडावर किती पाडायचा, कधी चढवायचा, कधी उतरवायचा, हे ठरवते. आता माझं बरं चाललंय. मुलाखतीत लोक विचारतात, एवढी अचूक नजर कुठून आली हो तुमच्याकडे? मी हसते आणि विषय बदलते.

त्या हसण्याची मला लाज वाटते. म्हणून आज लिहायला बसले आहे.

सुरुवात एका मंगळवारी दुपारी झाली. तेव्हा मी मावशीच्या हाताखाली नवीन होते.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. या धंद्यातलं मोठं नाव. आई म्हणायची, हिला माणसं अंधारातच ओळखता येतात, उजेडात भेटली की नावं विसरते. मी विमा कंपनीतली चांगली नोकरी सोडून मावशीकडे गेले तेव्हा आई काही महिने माझ्याशी बोलायची बंद झाली. मावशी मात्र एवढंच म्हणाली, की रडायचं नाही, कंटाळा आला म्हणायचं नाही आणि शिडीखालून चालायचं नाही. बाकी सगळं आपोआप येईल.

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी दिवे चालवायच्या डेस्कवर बसवेल. कसलं काय. पहिलं काम मिळालं ते नुसतं उभं राहायचं.

हे जरा समजावून सांगते. दिवे लावायचं काम चालू असतं तेव्हा नट तिथे नसतात. ते येतात तालमीला. पण रिकाम्या स्टेजवर प्रकाश लावला की फसगत होते. जमिनीवर झकास दिसतो, आणि नट येऊन उभा राहिला की त्याच्या नाकाची सावली हनुवटीपर्यंत. म्हणून नटाच्या जागी कुणीतरी उभं राहावं लागतं. जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते. त्या खुणेवर उभं राहायचं, समोर बघायचं आणि डेस्कवरून "झालं, ये खाली" असं ऐकू येईपर्यंत हलायचं नाही. नाक खाजलं तरी नाही. फार कडक नियम आहे हा.

आणि उभ्या माणसाला समोरचं काहीच दिसत नाही. डोळ्यांवर दिवे असतात. पलीकडे नुसता काळोख. त्या काळोखातून एक आवाज येतो, तो सांगेल तसं करायचं.

त्या मंगळवारी मी खुणेवर उभी होते. वायरमन वर, शिडीच्या टोकाला. मावशी प्रेक्षागृहात मधोमध, डेस्कवर. चौथं कुणी नव्हतं. दार मीच आतून लावलं होतं.

"डावीकडे अर्धं पाऊल," मावशीचा आवाज आला.

मी अर्धं पाऊल डावीकडे सरकले.

"तू नको गं. तू तिथेच थांब."

मी परत खुणेवर आले.

"तिला सांगतेय," मावशी म्हणाली.

आणि माझ्या पाठीमागे… फळी वाजली.

अर्ध्या पावलाएवढीच.

मला वाटलं, वायरमन उतरला असेल. पण तो वरूनच खोकला.

माझ्या पाठीमागे एक मोठा दिवा होता. मघापासून त्याची धग मानेवर लागत होती, मी कॉलर वर करून घेतली होती. ती धग… अचानक गेली. दिवा तसाच होता. माझ्यापुढे जमिनीवर त्याचा पिवळा पट्टा तसाच दिसत होता. पण मान गार पडली.

दिव्याच्या आणि माझ्या मधे कुणीतरी उभं होतं.

मी वळले नाही. नियम होता म्हणून नाही, मानच वळेना.

थोड्या वेळाने मावशी म्हणाली, "झालं पोरी, ये खाली." मी जवळजवळ उडी मारूनच उतरले. माझ्या मागे जी कुणी होती, तिला मावशी काहीच म्हणाली नाही. तिने फक्त दिवे बंद केले.

वायरमनला मी बाहेर गाठलं. तो दोरखंडासारखी वायर कोपरावर गुंडाळत होता. तुम्हाला खाली कुणी दिसलं का, म्हणून विचारलं. त्याने गुंडाळी पुरी केली, खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "मावशींच्या लायटिंगला मी वर असतो. खाली बघत नाही."

मग मी मावशीलाच धरलं. मेकअपच्या खोलीत चहा पीत बसली होती. आधी तिने उडवून लावलं. मग कप बाजूला ठेवला आणि खाली बघत सगळं सांगितलं.

तिच्याबरोबर पूर्वी एक बाई काम करायची. रंगमंच व्यवस्था सांभाळायची. सुकडी, टोकदार बोलणारी, सगळ्यांना जागच्या जागी धरून ठेवणारी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. प्रत्येक तालमीला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर. त्यामुळे कुठला नट कुठे वळेल, कुठे अडखळेल, हे तिला नटांपेक्षा जास्त ठाऊक. आणि दिवे लावताना मावशीसाठी तीच उभी राहायची.

आता यातली गोम अशी की नट खुणेवर कधीच थांबत नाहीत. तालमीत थांबतात, पण प्रयोगात रंगात आले की फूटभर इकडे, फूटभर तिकडे. टाचणी खुणेवर उभी राहायचीच नाही. नट प्रयोगात जिथे खरोखर थांबणार, तिथे जाऊन उभी राहायची. मावशी तिच्यावर दिवा लावायची. मग लोक म्हणायचे, हिचा प्रकाश नटाला शोधत येतो.

एका नाटकाच्या वेळी टाचणीला ताप होता. दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग. मावशीने तिला सकाळपासून उभं ठेवलं. ती दोनदा म्हणाली, जरा बसू का? मावशी दोन्ही वेळा म्हणाली, एवढा एक प्रवेश होऊ दे. संध्याकाळी टाचणी तिथेच कोसळली. त्याच आठवड्यात गेली.

पुढच्या नाटकाला मावशीने सवयीने डेस्कवरून म्हटलं, उभी राहा गं.

आणि ती येऊन उभी राहिली.

"मग तिला सोडलं का नाहीस?" मी विचारलं.

उत्तर तिच्या घरच्या भिंतीवर होतं. पुरस्कारांना तिथे जागा पुरत नव्हती.

मी तेव्हा पंचविशीची. तोंडाळ. नीती कशाशी खातात हे जगात फक्त मलाच कळतं, असं वाटण्याचं वय. माझ्या आईहून मोठ्या बाईला मी म्हटलं, "तुला लाज नाही वाटत? मेलेल्या माणसाला राबवतेस?"

मावशीचा चेहरा पडला. तिने कप उचलला, त्यात चहा नव्हता, तरी तोंडाला लावला. ते आठवलं की मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला डेस्कवर शेजारी बसवलं. स्टेजवर एकच दिवा लावला. खूप वेळ हात चोळत बसली.

मग म्हणाली, "झालं गं. ये खाली."

काहीच झालं नाही.

मग… स्टेजच्या बाजूच्या लाकडी पायऱ्या वाजल्या. हलक्या पावलांनी कुणीतरी उतरत होतं. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने आवाज आमच्याकडे आला. माझ्या दंडाला गरम हवा लागली. ताप चढलेल्या माणसाच्या शेजारी बसलं की लागते तशी. मागचं दार करकरलं आणि परत लागलं.

मावशी रडली. मीही रडले. मला तर फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर मावशीचं काम पडलं. वाईट नव्हतं, चारचौघांसारखं झालं. नट अंधारात जाऊन बोलायला लागले. वर्तमानपत्रांनी लिहिलं, बाईंचं वय झालं. ती हसून म्हणायची, आता कुठे लोकांना माझं खरं काम दिसतंय. दोन नाटकांनंतर तिने काम सोडलं. माझ्याबद्दल एक शब्द वाईट बोलली नाही.

गुडघ्यांनी तिला आधीच जेरीस आणलं होतं. उठताना उजवा गुडघा 'कट्' वाजायचा. घरात आम्ही त्यावरून चेष्टा करायचो, मावशी आली, घंटा झाली, पडदा उघडा. शेवटी शेवटी तिला ओट्यापाशी पाच मिनिटं उभं राहवत नव्हतं. भाजी बसून चिरायची.

दवाखान्यात तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "तुझ्यासाठी कधी कुणी येऊन उभं राहिलं ना, तर त्याच दिवशी सोड. माझ्यासारखं करू नकोस."

मी मान डोलावली.

"आणि मी तर मुळीच येणार नाही बरं का," ती हसत म्हणाली. "माझे गुडघे बघितलेस ना?"

पंधरवड्याने ती गेली.

पुढच्याच वर्षी मला माझं पहिलं स्वतंत्र नाटक मिळालं. दोन पात्रांचं. वडील आणि मुलगी. शेवटी वडील घर सोडून निघतात, दारापाशी थांबतात आणि एकदाच मागे वळून बघतात. सगळं नाटक त्या एका बघण्यावर उभं होतं.

माझ्या प्रकाशात तो चेहरा दिसतच नव्हता.

नट रोज वेगळीकडे थांबायचा. मी दिवा हलवला की तो हलायचा. रंगीत तालमीत तो पुन्हा काळोखात वळला, आणि दिग्दर्शकाने तालीम थांबवून माइकवर सांगितलं, नटाला चेहरा असतो, हे लाइटवाल्यांना कुणीतरी कळवा. सगळे हसले. मी म्हटलं, सर, ते खुणेवर थांबत नाहीत. नट स्टेजवरून म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." पुन्हा हसले. खुर्च्या मांडणारा माणूससुद्धा हसला.

दिग्दर्शक मग डेस्कपाशी आले. माइक बंद केला, तेवढी दया दाखवली. म्हणाले, "तुझ्या मावशीकडे बघून तुला घेतलं होतं. उद्या संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर पुढच्या प्रयोगापासून दुसरं कुणीतरी बघेल."

मी घरी गेले तर आई जागी होती. कसं झालं म्हणून विचारलं. छान झालं, म्हटलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळूच सांगितलं, की विमा कंपनीत अजून ओळखी आहेत. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. मी एकटीच डेस्कवर. नवं नाट्यगृह होतं, दिवे डेस्कवरूनच फिरवता येत होते. मी सेटवरच्या दारापाशी पडणारा दिवा चढवला. रिकामी जमीन झकास उजळली.

तुम्ही म्हणाल, चुकून निघालं असेल तोंडातून. नाही. मी आधी मागे वळून नाट्यगृहाचं दार लागलंय ना ते पाहिलं. घसा खाकरला. मग मावशी म्हणायची त्याच सुरात म्हटलं,

"उभी राहा गं."

मला वाटलं होतं, आली तर टाचणी येईल. नाहीतर कुणी अनोळखी. अनोळखी माणसाची लाज कमी वाटते.

काही नाही. पंख्याची घरघर फक्त.

मग… बाजूच्या पायरीवर एक पाऊल वाजलं.

बराच वेळ काही नाही.

मग दुसरं पाऊल. जड. कठड्याला धरून चढल्यासारखं.

आणि…

कट्.

मी डेस्कची कड घट्ट धरली. तिसऱ्या पायरीवर पुन्हा तोच आवाज. माझ्या घरात मी तो लहानपणापासून ऐकत आले होते.

दिसलं काहीच नाही. मी शपथेवर सांगते, स्टेजवर माणूस नव्हतं. पण उजेडात जमिनीवर एक सावली सरकत आली. ठेंगणी, जाडसर. दारापाशी गेली. खुणेवर थांबली नाही, तिच्या दीड फूट अलीकडे, खिडकीच्या बाजूला थांबली. भार डाव्या पायावर, उजवा हात कमरेवर.

मुळीच येणार नाही म्हणाली होती. पण भाचीने हाक मारली, आणि ती आली.

तेव्हाच म्हणायला हवं होतं. दोन-तीन शब्द. झालं, ये खाली.

मी दिवा फिरवला. सावली पडली होती तिथे नेऊन ठेवला. अगदी छान बसला.

"पुढचा प्रवेश," मी म्हटलं.

सावली हलली. टेबलापाशी गेली. मी दिवा लावला. मग खुर्चीमागे. मग जिन्याच्या खाली. दर वेळी कट्, आणि दर वेळी खुणेपासून थोडी दूर. माझे हात भराभर चालत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला काम येत होतं. भीती पार पळाली होती. आनंद होत होता, हे लिहिताना बोटं अडखळताहेत, पण होत होता.

आम्ही सगळं नाटक केलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधे कुठेतरी सावली वाकली. कमरेवरचा हात गुडघ्यावर गेला. तशीच राहिली.

आणि मी म्हटलं…

"जरा सरळ उभी राहा."

ती सरळ झाली.

त्या पूर्ण वेळात मी एकदाही 'मावशी' म्हटलं नाही. मुद्दाम टाळलं. म्हटलं असतं, तर उठून खुर्ची द्यावी लागली असती.

संध्याकाळी प्रयोग झाला. नट दारापाशी गेला, खुणेच्या दीड फूट अलीकडे थांबला आणि वळला. त्याचा चेहरा असा उजळला की पहिल्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला. पडदा पडल्यावर दिग्दर्शक धावत आले. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. म्हणाले, "मावशीची आठवण करून दिलीस."

मी थँक्यू म्हटलं.

सगळे गेल्यावर सोडू, असं ठरवलं होतं. सगळे गेले. मग वाटलं, उद्या दुसरा प्रयोग आहे, काही बदल लागला तर? उद्या सोडू. उद्याही तेच. मग दुसरं नाटक आलं. मग तिसरं. नाट्यगृहं बदलली, दुसऱ्या शहरांत गेले. दर ठिकाणी मी दार लावते, एक दिवा चढवते आणि म्हणते, उभी राहा गं. ती येते.

आता तिला यायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. पायऱ्यांच्या मधे फार वेळ थांबते. एकदा मी खुर्ची नेऊन ठेवली स्टेजवर. मनाला बरं वाटावं म्हणून. ती बसली नाही. सोडल्याशिवाय बसायचं नाही, हा नियम तिनेच तर मला शिकवला होता.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. टाचणीसाठी मावशीला लाज काढून बोलले होते मी. मावशीने परक्या बाईला उभं केलं होतं. मी कुणाला केलं?

आईला यातलं काही ठाऊक नाही. ती आता माझ्या प्रत्येक नाटकाला येते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगते, लाइट माझ्या मुलीची आहे. मागे जेवताना म्हणाली, ताई असती तर तुझं कौतुक करताना थकली नसती. मी ताटातून मान वर केली नाही.

मागच्या आठवड्यात जे झालं त्यानंतर मला झोप नाही.

रविवार होता. सकाळची वेळ. आईला माळ्यावरच्या जुन्या रजया काढायच्या होत्या. मी म्हटलं, मी चढते. पण ती कुठली ऐकते. स्टूल घेऊन स्वतःच चढली. मी खाली उभी राहून एकेक रजई झेलत होते. शेवटची आली. वर आता काही उरलं नव्हतं. आणि मी सहज, काहीही मनात नसताना म्हटलं,

"झालं, ये खाली."



तेच शब्द. तोच सूर. माझ्या तोंडून.

इतकी वर्षं जे म्हणता आलं नव्हतं, ते मी मोठ्याने म्हटलं होतं. नाव घेतलं नव्हतं. नाव कधी घ्यायचंच नसतं. मग… ते लागू झालं असेल का?

मी रजया तिथेच टाकल्या. आई काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. स्कूटर काढली आणि निघाले. नव्या नाटकाचा सेट लागला होता ते नाट्यगृह घरापासून तसं जवळ, तरी वाटेत दोनदा गाडी घसरता घसरता वाचली. रखवालदाराने विचारलं, आज सुट्टी ना? मी तशीच आत शिरले.

काळोख. मी चाचपडत डेस्कपाशी गेले. एक दिवा चढवला.

रिकामी जमीन.

"उभी राहा गं," मी म्हटलं.

काही नाही.

पुन्हा म्हटलं. आवाज चिरका निघाला.

पायऱ्या वाजल्या नाहीत. फळी वाजली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. डोक्यात एकच विचार. गेली. आता शुक्रवारचं काय करू? आता सगळ्यांना कळेल मला काही येत नाही.

गेली असेल तर तिच्या पायांना आराम मिळाला असेल, हा विचार मला शिवलासुद्धा नाही. तो आत्ता लिहिताना सुचतोय.

मग… उजेडाच्या अगदी कडेला काहीतरी हललं.

सावली. जमिनीलगत, वाकलेली. एका हाताने कशाला तरी धरल्यासारखी. ती फार हळू उजेडात आली. मधोमध थांबली. मग थोडी थोडी करत सरळ झाली, मी सांगायच्या आधीच.

मी खुर्चीत बसले आणि 'हुश्श' केलं.

खरंच केलं. त्या रिकाम्या नाट्यगृहात ते मला स्वतःलाच ऐकू आलं.

मी दिवा बंद केला. ती तिथेच होती, अंधारात. मी काही न बोलता बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

बाहेर बराच वेळ गाडीपाशी नुसती उभी होते. मग चहा प्यायले. रखवालदाराशी उगीच हवापाण्याच्या गप्पा मारल्या. घरी जावंसं वाटत नव्हतं.

घरी आले तर रजया जमिनीवर तशाच पडलेल्या.

आई अजून स्टुलावरच होती.

दोन्ही हातांनी माळ्याची कड धरून उभी होती. बहिणीसारखेच गुडघे आहेत तिचे, मला ते ठाऊक होतं. चढता येतं, पण हात दिल्याशिवाय उतरता येत नाही. मी हात न देताच निघून गेले होते.

मी धावत जाऊन तिला धरलं. तिने माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि एकेक पाय करत उतरली. मला वाटलं, आता चांगली फैलावर घेईल. पण ती पलंगावर बसली, डोळे मिटले आणि पोटऱ्या दाबायला लागली.

मग म्हणाली, "तूच म्हणालीस ना गं, झालं म्हणून? मग सोडून कुठे गेलीस?"

मी तिच्या पायाशी बसून पोटऱ्या चेपत राहिले. वर बघवेना.

शुक्रवारी नव्या नाटकाची लाइट लावायची आहे. दुपारी.